सांगलीत परत येण्यात काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा, की तुम्ही पुण्यात नोकरीला, आईवडील सांगलीत एकटे. तर परत यावं, की सांगली आता पेन्शनरांचं गाव झालंय?

वाव आहे. किती, ते तुमच्या कामावर. पण ‘पेन्शनरांचं गाव’ वाचून टाळकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. हेच शब्द मी २०१४ साली माझ्याच शेडमध्ये उभं राहून ऐकलेत.

सांगलीला लागूनच कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम. बेदाण्याची नेटिंग मशीन बनवतो, म्हणजे वाळलेल्या मालातनं काड्या-कचरा वेगळा करणारी. तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. तासगाव तालुक्यातली मुलगी, बीई झालेली. कांदेपोहे झाले आणि तिच्या मामांनी ‘कंपनी’ बघायची इच्छा काढली. गेलो घेऊन. स्टँडवर एक ड्रम अर्धवट पडला होता, जाळी बसवायची बाकी. मामांनी कडेवरून बोट फिरवलं नि म्हणाले, "आमच्या शेडवर अस्संच आहे. पुण्यावरनं आणलंय." मी म्हटलं, मामा, घरी गेल्यावर मागच्या पायाला आतल्या बाजूनं बघा, वेल्डिंगनं नंबर घातलेला असेल. तो माझ्या हातचा. मामा हसले. बाहेर चपला घालताना वडिलांना म्हणाले, "पोरगं गुणाचं आहे हो, पण सांगलीत बसून काय करणार? पेन्शनरांचं गाव. हिंजवडीत असतं तर प्रश्नच नव्हता."

तीन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळवूनच बघायला आले होते!

आता या मामांचं बघा. स्वतःची द्राक्षबाग. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हातात येतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेला माल शेडमध्ये रॅकवर पंधरा दिवस पडून, ढग आले की यांची झोप उडालेली. तो माल ठेवायचा सांगलीच्या कोल्ड स्टोरेजला, विकायचा सांगलीच्या सौद्यात, उचल घ्यायची सांगलीच्या अडत्याकडून, मशीन बंद पडलं की माणूस कुपवाडचा. आणि भाचीला मात्र पुण्यात वन बीएचकेचे हप्ते फेडणारा नवरा! हळदीचंही तेच. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कर्नाटकातला मालसुद्धा इथल्या पेठेत येऊन विकला जातो, तो काही मानांकनासाठी नव्हे. इथं रोख देणारा व्यापारी आहे म्हणून. गणपती पेठेत अंधाऱ्या दुकानात गादीवर बसलेला माणूस दिवसात किती उलाढाल करतो, ते त्याच्या शर्टाकडे बघून कळत नाही.

(बायको मिरजेची आहे. ती म्हणते, दहा वर्षं झाली, अजून त्या मामांनाच घेऊन बसलाय.)

मग वाढ का दिसत नाही? पुणे-बेंगळुरू महामार्ग पेठनाक्यावरून निघून गेला, तिथून सांगली सुमारे ४० किलोमीटर, आणि त्या रस्त्यानं कितीतरी वर्षं आमच्या पाठी मोडल्या. कवलापूरची विमानाची धावपट्टी नुसती निवडणुकीपुरती आठवते. १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड एका महापालिकेत बांधली, पण तोंडं अजून तीन दिशांना. वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतंय आणि ते निकाल लागला की पुण्याची गाडी धरतायत. त्यांनाही दोष देत नाही, पॅकेज तिकडेच आहे.

तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर घरून काम असेल तरच या, इथं नोकरी शोधत बसू नका. डॉक्टर असाल तर मिरजेत आधीच गर्दी आहे. धंदा करणार असाल तर उधारीची तयारी ठेवा. हंगामात मशीन उचलतात, पैसे दिवाळीला म्हणतात, कुठल्या दिवाळीला ते सांगत नाहीत. माझे दोन गिऱ्हाइकांकडे अजून अडकलेत. हे आधीच सांगायला हवं होतं.

आणि पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. घर विकत घेणार असाल तर विश्रामबागेकडे बघा. गावभागातलं आवडलंच तर तेव्हा पाणी कुठवर होतं ते मालकाला विचारा. मग शेजारच्यालाही विचारा.