‘आई, तुलाही मारतील का?’

मुलगा सात वर्षांचा. तीन आठवड्यांपासून रात्री दचकून उठायचा आणि अंधारात आईची मान चाचपायचा. "मॅडम, हात फिरवून बघतो आणि विचारतो, तुलाही मारतील का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या आईचा सांगताना आवाज बसला होता.

घराजवळच्या जंगलाच्या कडेच्या झाडांवर तोडीसाठी रंगाने आकडे टाकले होते. ती वाचवायला धडपडणाऱ्या गटात आई-वडील दोघंही. आपण काय करतोय ते मुलाला कळावं म्हणून त्यांनी त्याला खेजडलीची गोष्ट सांगितली. १७३० साली जोधपूरजवळच्या या गावात राजाच्या महालाच्या कामासाठी खेजडीची झाडं तोडायला माणसं आली. गावातल्या अमृतादेवी झाडाला बिलगल्या, मागोमाग त्यांच्या तीन मुली, आणि शेवटी बिश्नोई समाजातले ३६३ जण मारले गेले. गोष्ट थोरच आहे. मुलाच्या डोक्यात मात्र एवढंच बसलं, की झाडाला मिठी मारली की मान जाते आणि आपली आई रोज झाडांकडे जाते.

आईचा प्रश्न असा होता, "आमचं चुकलं का? एवढ्या लहान पोरांना यात आणूच नये का?" असं विचारणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत.

माझंच पहिलं उत्तर चुकलं. मी म्हटलं, काही दिवस घरात हा विषय काढू नका. आठवड्याने आई परत आली तेव्हा त्रास वाढला होता. वाढणारच. झाडांवरचे आकडे त्याला शाळेत जाता-येता दिसत होते आणि घरात फोन आला की आई-बाबा दार लोटून बोलू लागले होते. मोठी माणसं कुजबुजायला लागली की उरलेली गोष्ट मूल स्वतःच रचतं आणि ती खऱ्यापेक्षा भयंकर असते.

पुढच्या भेटीत आम्ही मातीचं झाड केलं, भोवती बाहुल्या उभ्या केल्या. त्याने त्या एकेक करून आडव्या पाडल्या. मी अडवलं नाही. सगळ्या पडल्यावर म्हटलं, "मला झाडांची आणखी एक गोष्ट येते. हिच्यात सगळ्या जणी घरी परत जातात."

ती रेणीची. २६ मार्च १९७४. हिमालयातल्या या गावचे पुरुष भरपाईच्या पैशांसाठी चमोलीला गेले होते आणि नेमके तेव्हाच तोडणारे जंगलाकडे निघाले. एका मुलीने त्यांना पाहिलं. ती धावत गावच्या महिला मंडळाच्या प्रमुख गौरादेवींकडे गेली. गौरादेवी गावातल्या बायकांना घेऊन जंगलात पोहोचल्या. बोलून भागेना तेव्हा त्या झाडांना बिलगल्या, रात्रभर पहारा दिला. अखेर तोडणारे निघून गेले. (बायकांना तिथे बंदुकीचा धाकही दाखवला होता, ते मी गाळलं. मूल मोठं झालं की सांगता येतं.)

"आणि ती मुलगी?" त्याने विचारलं. "तिने मिठी नाही मारली?"

"तिने मोठ्यांना सांगितलं."

"बस?"

"बस. तिचं काम तेवढंच होतं."

बराच वेळ तो माती मळत राहिला. मग म्हणाला, "त्या रात्रभर झोपल्याच नाहीत?"

"खूप जणी असल्या की पाळ्या लावता येतात," मी म्हटलं.

आई-वडिलांना मी त्या धावणाऱ्या मुलीकडेच बघायला सांगितलं. मुलाला त्याच्या मापाचं काम द्या. त्याने आकडे टाकलेली झाडं मोजली, घरटी कुठे आहेत त्याचं चित्र काढलं, तोडीचा निर्णय घेणाऱ्या कार्यालयाला पत्र सांगितलं आणि आईने ते लिहून घेतलं. खाली सही त्याची, वाकडीतिकडी. उत्तर येईलच असं नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवलं. झाडं वाचतील असा शब्द देऊ नका, असं मी दोघांना बजावलं. देण्यासारखा शब्द एकच होता : आम्ही संध्याकाळी घरी येऊ, उशीर होणार असेल तर कळवू.

वडिलांना जड गेलं ते वेगळंच. घरात तोडणाऱ्यांना ते सर्रास 'खुनी' म्हणायचे. मी म्हटलं, रेणीत कुऱ्हाडी घेऊन आले ते मजूर होते, पोटासाठी आलेले. बायका आधी त्यांच्याशी बोलल्या. सात वर्षांच्या मुलाला खुनी म्हणजे खुनीच. झाडावरून त्याची भीती आईवर यायला कितीसा वेळ लागतो? त्यांना पटायला तीन भेटी लागल्या.

सभेला न्यायचं का? त्याला यायचं असेल तर, थोडा वेळ, आणि फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायला एक मोठं माणूस हवं. तो "चला" म्हणाला की निघायचं. त्याला वाचता न येणारा फलक हाती देऊन फोटो काढायचे नाहीत. हे मी जरा चिडूनच सांगते. तो फोटो मोठ्यांच्या हौसेचा असतो.

काही झाडं शेवटी गेलीच. तो खूप रडला आणि आईशेजारी झोपला. त्या रात्री त्याने मान चाचपली नाही.

शेवटच्या भेटीत त्याने पुन्हा मातीचं झाड केलं. एक बाहुली झाडापासून लांब, पाय उचललेली. ती सांगायला चालली होती. पण झाडाखाली एक आडवीही होती. मी जरा धास्तावूनच विचारलं, "आणि ही?"

"ती झोपलीय," तो म्हणाला. "तिची पाळी संपली."