वाचकांचे प्रश्न : वर्दीआडचा वंशद्वेष

प्रश्न : अमेरिकेत गोरे वर्चस्ववादी पोलिसांत शिरतात, असे वाचले. त्यांना सरळ काढून का टाकत नाहीत?

उत्तर : हा धोका एफबीआयने ऑक्टोबर २००६च्या अहवालातच नोंदवला होता. गोंदण, घोषणा टाळून चारचौघांत मिसळणाऱ्यांना ‘घोस्ट स्किन्स’ म्हणतात. असा माणूस पोलिसांत गेला, की तपासाची माहिती त्याच्या हाती येते.

अडचण रचनेत आहे. तिथे सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीची भरतीची चाळणी वेगळी. एकीकडे राजीनामा द्यायचा, दुसरीकडे रुजू व्हायचे, हे सर्रास जमते. निव्वळ अशा संघटनेच्या सदस्यत्वावरून बडतर्फ केले, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन खटला उभा राहतो. म्हणून संदेश, पोस्ट, वर्तन आणि त्यांचा कामावरचा परिणाम तारखेनिशी नोंदवावा लागतो.

आमच्या मते सर्वांत धारदार हत्यार म्हणजे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९६३चा ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’ निकाल. आरोपीला उपयोगी पुरावा सरकारी वकिलाला दडवता येत नाही; पोलिसाचा पक्षपात दाखवणारे संदेशही त्यात मोडू शकतात. मग तो पोलीस साक्षीदार म्हणून कुचकामी ठरतो, त्याच्या साक्षीवर उभे राहिलेले जुने खटलेही तपासावे लागतात. मात्र खात्याने असे संदेश स्वतःच्या फायलीतच ठेवले, तर बचाव पक्षाला त्यांचा पत्ताच लागत नाही.