विचारा की! : झोपेत नेरूळ कळतं कसं?

प्रश्न : मी सीएसएमटीवरून संध्याकाळची पनवेल पकडते. विंडो मिळाली की डॉकयार्ड यायच्या आत डोळा लागतो आणि जुईनगर सुटलं की आपोआप जाग येते. अलार्म नाही, काही नाही. मेंदूत घड्याळ असतं का? (एक ताई, नेरूळ)

ताई, आधी खरं सांगा, सीवूड्स किंवा बेलापूरला उतरून उलटी गाडी किती वेळा पकडलीत? ते दिवस आपण कुणाला सांगत नाही आणि मग स्वतःही विसरतो, बरोबर उठलेले दिवस तेवढे लक्षात राहतात. पण तेवढं वजा केलं तरी तुमचं म्हणणं खरं आहे. डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत, झोपेतही आवाज मेंदूपर्यंत जातो आणि तिथे त्याची चाळणी चालू असते, कामाचा असेल तर आत घ्यायचा नाहीतर सोडून द्यायचा. १९६० साली ब्रिटनमध्ये झोपलेल्या माणसांना टेपवरून नावांची यादी ऐकवली होती, तर स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या लहरींत झटका दिसायचा, इतरांच्या नावांना तेवढा नाही. म्हणून तर शेजारच्यांच्या कुकरच्या सात शिट्ट्या होऊनही आईला जाग येत नाही आणि बाळ नुसतं कुरकुरलं तरी ती उठून बसते.

तुमच्या गाडीत तर खुणाच खुणा. मानखुर्द सुटलं की खाडीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो, खारा वारा येतो, वाशीला निम्मा डबा उठतो, मग 'पुढील स्टेशन' सुरू. रोज तोच क्रम, तेवढाच वेळ. मेंदूला तो पाठ झालाय, त्यात शरीराचं घड्याळही आहेच, म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

याच्या उलटही होतं बरं का. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, मामाकडे गेलो की मी तर पंख्याचा आवाज मोजत पडतो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात २०१६ साली तपासलं तर पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा सावध सापडली, म्हणजे एक वॉचमन झोपला तर दुसरा खुर्ची टाकून बसलाय.

प्रश्न : स्टेशनचा सरकता जिना बंद असतो. बंद आहे हे दिसतं, तरी पहिल्या पायरीला तोल जातो. वय झालं की काय? (एक काका, ठाणे)

अजिबात नाही काका. परवा मी एका स्टेशनच्या पुलावर, गाडी लेट होती म्हणून, बंद पडलेल्या जिन्यापाशी दहा मिनिटं उभा राहून नुसतं बघत होतो. कॉलेजची पोरं, टोपली घेतलेली मावशी, फोनवर भांडणारा एक साहेब, बरेच जण पहिल्या पायरीवर जरासे पुढे झुकत होते आणि मग काहीच झालं नाही असं दाखवत चढत होते. मीसुद्धा तसाच चढलो, तेही इतकं सगळं बघून!

होतं असं की चालत्या जिन्यावर पाय ठेवताना शरीर आधीच वेग वाढवून थोडं पुढे कलतं, नाहीतर मागे पडाल. ही सवय हातापायांची, तिला तुमच्या डोळ्यांनी वाचलेली 'बंद आहे' ही पाटी मान्य नसते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात २००३ साली लोकांना आधी काही वेळा सरकत्या पाटावर चढवलं, मग स्पष्ट सांगितलं की आता पाट हलणार नाही. तरी लोक वेगात आले आणि पुढे झुकले.

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचीही भावकी इथलीच. आपला हात कुठे लागणार हे मेंदूने आधीच ताडलेलं असतं, मग त्याला त्यात मजा वाटत नाही. लंडनमध्येच एक गंमत केली होती, माणूस स्वतःच्या हाताने एक यंत्र हलवायचा आणि ते यंत्र त्याच्या दुसऱ्या तळहाताला गुदगुल्या करायचं. यंत्राने सेकंदाचा एक-पंचमांश उशीर केला की गुदगुल्या वाढल्या. हात स्वतःचाच, फक्त अंदाज चुकला.

प्रश्न : किचनमध्ये जाते आणि कशाला आले तेच विसरते. (गिरगाव)

फ्रिज उघडून उभं राहणं ना, आमच्याकडेही रोजचं आहे. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी २०११ साली दाखवलं की दार ओलांडलं की मेंदू आधीच्या खोलीचं पान उलटतो. पण नंतर, २०२१ साली, ऑस्ट्रेलियात बघितलं तर नुसत्या दाराने फारसं काही बिघडत नाही, डोक्यात आधीच दुसरं काही चालू असेल तर विसरायला होतं. मला हे दुसरं जास्त पटतं. ज्या खोलीतून आलात तिथे परत जाऊन उभ्या राहा, बऱ्याचदा आठवतं.

प्रश्न : आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो म्हणे, बाकीचा जागा कसा करायचा? एक क्लास आहे, फी बरीच आहे. (विरार)

फी वाचवा. जेमतेम १.४ किलोचा हा गोळा, वजनाच्या २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. मुंबईत एवढं भाडं भरून नव्वद टक्के खोल्या कोण रिकाम्या ठेवेल? मेंदूत रक्ताची छोटीशी गुठळी अडकली तरी बोलणं जातं, हात लुळा पडतो, मग तो भाग बिनकामाचा कसा.

प्रश्न : निदान डोळ्यांना दिसतं ते तरी खरं ना? (एक विद्यार्थी, परळ)

ते तूच बघ. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे, साधारण ८ सेंटीमीटरवर, ठळक ठिपका काढ. डावा डोळा मीट, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आण. एक फुटाच्या आसपास ठिपका गायब होतो! डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते तिथे पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात हे भोक आहे. पण तिथे काळं दिसतं का? नाही, कागदच दिसतो. मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो. आता हेच कर, फक्त ठिपक्यातून आरपार एक आडवी रेघ जाऊ दे. ठिपका गेला तरी रेघ अखंड दिसेल.

डावा डोळा मात्र घट्ट मिटलेला ठेव, चिमटीतून बघशील आणि मग मलाच पत्र पाठवशील की जमत नाही.