सांडपाण्यात विषाणू सापडला म्हणजे नदीतही तो जिवंत असतो का?

तुम्ही पुण्यात नदीकाठी राहता. शहराच्या मैलापाण्यात विषाणू सापडल्याची बातमी वाचून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: तो नदीत किती दिवस जगतो, आणि मुळात गटारात विषाणू शोधून मिळतं काय. मी काही वर्षं मुंबईत पोलिओसाठी मैलापाणी तपासायचं काम केलं आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमागे एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची हसतखेळत असतात आणि काही आठवडे त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. दवाखान्यात ती कधीच येत नाहीत, पण त्यांच्या वस्तीचं मैलापाणी एका पंपिंग स्टेशनवर येतंच. भारतात हे काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. मुंबईत रुग्ण नसतानाही नाल्यांत विषाणू सापडत होता आणि त्याची जनुकीय नाळ उत्तर भारतातल्या साथीशी जुळत होती. देशातला वाइल्ड पोलिओचा (लसीतल्या नव्हे, निसर्गातल्या मूळ विषाणूचा) शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. मुंबईच्या मैलापाण्यात तो विषाणू त्याआधी नोव्हेंबर २०१० मध्ये शेवटचा दिसला. पुढच्या सगळ्या नमुन्यांत तो दिसला नाही, म्हणून तर ‘आता खरंच गेला’ असं छातीठोकपणे म्हणता आलं.

काम कसं चालतं तेही सांगते. सकाळी घराघरांतून पाण्याचा लोंढा येतो त्या वेळी एक लिटर नमुना घ्यायचा आणि बर्फाच्या डब्यातून आणायचा. त्यातल्या अर्ध्या लिटरात पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रान ही दोन रसायनं मिसळून रात्रभर थंडीत ठेवायचं. सकाळी काचेच्या नरसाळ्यात दोन थर वेगळे झालेले असतात आणि विषाणू तळाच्या पातळ थरात गोळा होतात. अर्ध्या लिटराचे उरतात जेमतेम दहा मिलिलिटर. क्लोरोफॉर्मने जिवाणू मारायचे आणि तो अर्क जिवंत पेशींवर घालायचा. यातल्या एल२०बी नावाच्या पेशी मला फार आवडतात. त्या मूळच्या उंदराच्या, पण माणसाच्या पेशीवर पोलिओचा विषाणू ज्या ठिकाणी चिकटतो ती जागा त्यांच्यावर मुद्दाम बसवलेली. त्यामुळे गटारातल्या विषाणूंच्या गर्दीतून मुख्यतः पोलिओच तिथे वाढतो. निरोगी पेशी काचेवर चादरीसारख्या पसरलेल्या असतात. विषाणू असेल तर त्या गोल होतात आणि काच सोडून तरंगू लागतात. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना पोटात गोळा यायचा, कारण त्या बाटलीत जे दिसेल ते कुठल्यातरी वस्तीतल्या मुलांचं असायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न. पेशी मेल्या म्हणजे विषाणू जिवंत होता. पण हल्लीच्या बहुतेक बातम्या आरटी-पीसीआरच्या असतात आणि पीसीआरला सापडतो तो विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचा तुकडा. विषाणू निकामी झाल्यावरही तो तुकडा पाण्यात टिकतो. साथीची चाहूल घ्यायला एवढं भरपूर आहे. मार्च २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टच्या मैलापाण्यात करोनाचा आरएनए दिसला, तेव्हा त्या शहरात एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पण तेवढ्यावरून ‘नदीत करोना आहे, पाण्यातून होईल’ असा अर्थ काढणं चूक.

विषाणू पाण्यात किती टिकेल हे मुख्यतः अंगावरच्या आवरणावर ठरतं. करोनाला चरबीचं आवरण असतं. ते विरलं की विषाणू संपला. साध्या २० अंश तापमानाला मैलापाण्यात दीड-दोन दिवसांत त्याची नव्वद टक्के लागणक्षमता जाते. पोलिओ, उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस, अडिनोव्हायरस, काविळीचा ‘अ’ यांना असं आवरण नाही. ते नुसत्या प्रथिनांच्या कवचात असतात, आणि थंड, सावलीच्या, गढूळ पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. ऊन आणि उष्णता त्यांना मारतात, पण गाळाच्या कणाला चिकटला की तिथे ऊन पोचत नाही. पावसात पाणी वाढतं तेव्हा तळाचा गाळही ढवळून वर येतो.

याचा सगळ्यात मोठा धडा दिल्लीचा. १९५५ च्या अखेरीस यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या पाणीउपशापर्यंत मागे आलं. कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरिन वाढवलं. टायफॉइड वाढला नाही, जुलाबही नाही. कावीळ मात्र सुमारे २९,३०० जणांना झाली. तो काविळीचा ‘ई’ विषाणू होता हे कित्येक वर्षांनी कळलं. जिवाणू मेले होते, विषाणू क्लोरिनमधून पार झाला होता. म्हणून ‘कॉलिफॉर्म (मैल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) शून्य’ असा अहवाल कुणी दाखवला तर मी जिवाणूंपुरती निश्चिंत होते, विषाणूंबाबत नाही. मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पाचंही तेच. शंभरातले नव्याण्णव विषाणू गेले तरी मुळात लिटरला लाखो असतील तर हजारो उरतात, आणि नोरोव्हायरसचे मूठभर कणही माणसाला आडवं करायला पुरतात.

तेव्हा काठावरून फिरायला जा, त्याने काही होत नाही. काळजी करायची ती पोटात जाणाऱ्या पाण्याची. नदीलगतची विहीर किंवा बोअर असेल आणि जवळून ड्रेनेज जात असेल, तर पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस दोन्ही सापडले होते. विसर्जनाला मुलं पाण्यात उतरलीच, तर घरी आल्यावर हात साबणाने चोळून धुवायला लावा. सॅनिटायझरवर भागवू नका. अल्कोहोल ज्या चरबीच्या आवरणावर घाव घालतं, ते नोरोव्हायरसला नसतंच.