जुनी ११० सीसी क्वाड बाइक: सेल्फ फिरतो, पण प्लगला ठिणगी नाही
सेल्फ जोरात फिरतोय, तर बॅटरीच्या मागे लागू नका. या चिनी क्वाडमध्ये सहसा एसी सीडीआय (ठिणगी पाडणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा) असतो. त्याला वीज बॅटरीतून नाही, मॅग्नेटोतून (इंजिन फिरलं की वीज बनवणारा भाग) मिळते. नवा प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. आता सीडीआयची काळी-पांढरी वायर काढून सेल्फ मारा. निळी ठिणगी आली? मग दोष किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), चावी किंवा मागच्या दोरीच्या स्विचचा (दोरी ओढली की इंजिन बंद). स्विचमध्ये पाणी शिरलं की ही वायर अर्थ होते (बॉडीला जोडली जाते) आणि ठिणगी मरते. टेस्टनंतर ती परत जोडाच, नाहीतर चावी फिरवूनही इंजिन थांबणार नाही. ती वायर काढूनही ठिणगी आली नसेल तर मॅग्नेटोकडून येणारी काळी-लाल वायर सोडवून तिच्यात आणि बॉडीत मल्टिमीटर लावा: साधारण २०० ते ५०० ओहम हवेत. रीडिंगच नाही, म्हणजे मॅग्नेटोतली कॉइल गेली.