मुलं वाढवायला कॉलेज कशाला?

प्रश्न : बाई, माझी लेक बारावी सायन्स झाली. नीटला गुण कमी पडले. आता ती मानव विकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय घ्यायचा म्हणते. सासूबाई म्हणतात, "मी पाच पोरं वाढवली, कुठल्या कॉलेजात गेले होते?" मिस्टरांना वाटतं, शेवटी बालवाडीची बाईच होणार. मला काही सुचत नाही.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं हे वाक्य १९८३ साली माझ्या आत्याने मला ऐकवलं होतं. मी सांगलीहून बडोद्याला निघाले होते, महाराजा सयाजीराव विद्यापीठात हाच विषय शिकायला. तेव्हा मी गप्प बसले. उत्तर सापडलं चार महिन्यांनी, माझ्याच वहीत.

तिथे विभागाचीच बालवाडी आहे, चेतन बालवाडी. आम्हाला एकेक मूल नेमून दिलेलं असे. कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, अर्धा तास दिसेल ते लिहायचं. माझ्या वाट्याला साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. मी लिहिलं, 'आज फार हट्टीपणा केला. रागावून ठोकळे फेकले.' आमच्या बाईंनी 'हट्टीपणा' आणि 'रागावून' या शब्दांवर रेघ मारली. म्हणाल्या, "हे तुला दिसलं का? दिसलं तेवढंच लिही." दुसऱ्या दिवशी मी लिहिलं : मनोरा सहाव्या ठोकळ्याला पडला. पुन्हा रचला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर एक ठोकळा भिंतीवर टाकला. आवाज ऐकून थांबला. मग दुसरा टाकला, मान तिरकी करून, कान देऊन. ते पान मी अजून जपून ठेवलंय. आदल्या दिवशीचा हट्टी मुलगा त्या पानावर कुठेच नव्हता.

सासूबाईंनी पाच मुलं वाढवली, ते मोठंच काम आहे. पण दहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही आणि घरचे म्हणतात, "आमच्याकडची सगळी उशिराच बसतात", तेव्हा थांबायचं की दाखवायला न्यायचं? पाच मुलांच्या अनुभवावर हे ठरवता येत नाही, त्यासाठी पुष्कळ बाळं मोजून पाहावी लागतात. बडोद्यातच प्रमिला फाटक यांनी ते केलं. भारतीय बाळांच्या वाढीचे त्यांचे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मापनश्रेणीत १ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी हालचालींचे ६७ आणि आकलनाचे १६३ टप्पे आहेत. साधन काय, तर ठोकळे, घंटा, कप. बाळ आईच्या मांडीवर, आणि आपण समोर पाटी-पेन्सिल घेऊन, श्वास रोखून. मला या अभ्यासातलं सगळ्यात आवडतं काम तेच होतं.

मिस्टरांची काळजी रास्त आहे. खासगी नर्सऱ्यांमध्ये पगार फार कमी देतात, हे मी लपवणार नाही. या पदवीवर ती मानसोपचार करू शकणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षिका व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. शाळेत शिकवायचं तर डीएलएड किंवा बीएड. हे आधीच माहीत असावं, नंतर कळलं तर मुली खचतात. या शिक्षणाचा उपयोग होतो तो अंगणवाड्यांच्या प्रशिक्षणात, बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांत, समुपदेशनाच्या कामात, संशोधन प्रकल्पांत.

आणि 'बालवाडीची बाई' हे शब्द मला लागले, तेही सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच्याच बाया होत्या. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९७५ साली अंगणवाड्या चालवणारी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिचं मूळ तिथे आहे.

कॉलेजं म्हणाल तर तुम्हाला परभणी जवळ. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात हा विभाग आहे. मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, आणि घर सोडायची तयारी असेल तर बडोदा. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, फॉर्म भरण्याआधी महाविद्यालयातूनच विचारून घ्या.

त्याआधी एक करा. लेकीला वही घेऊन आठवडाभर जवळच्या अंगणवाडीत बसू द्या, सेविकाताईंची परवानगी घेऊन, रोज अर्धा तास. पाचव्या दिवशीही तिला जावंसं वाटतंय का, ते बघा. आणि संध्याकाळी तिला आजीसमोर बसवा. पहिलं बाळ कधी पालथं पडलं, रात्री कोण जागायचं, पाचवं रडलं की चौथ्याला कोण घ्यायचं, पहिल्या मुलीच्या वेळी घरात काय बोललं गेलं, हे तिने विचारावं आणि आजीच्या शब्दांत लिहून घ्यावं, मध्ये न बोलता. पदवीच्या वर्षांत घरभेटींमध्ये आम्हाला हेच करायला लावत. सासूबाईंना असं कुणी कधी विचारलं नसेल. ती पानं मला पाठवलीत तर मी सगळी वाचेन.