सेकंड हँड पोलो टीएसआय: मॅन्युअल घ्यावी का ऑटोमॅटिक?

भाऊ, तुम्ही संभाजीनगरात रोज चालवायला जुनी फोक्सवॅगन पोलो टीएसआय (टर्बो पेट्रोल) बघताय, तर आधी गाडी कुठल्या सालची ते बघा. 2020 च्या आधीची 1.2 लिटर इंजिनची जीटी असेल तर तिला 7 स्पीडचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तो पण ड्राय (तेलात न बुडालेल्या) क्लचवाला, आणि मे महिन्यात क्रांती चौकात सिग्नलला इंच इंच सरकताना तो क्लच लै तापतो, वॉरंटी संपलेली असली अन् मेकॅट्रॉनिक (गिअर-क्लच चालवणारं कंट्रोल युनिट) गेलं की खर्च ऐकूनच घाम फुटतो. 2020 नंतरची 1.0 असेल तर ऑटोमॅटिक साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे (क्लचऐवजी तेलातून ताकद चाकांकडं देणारा), ट्रॅफिकमधी बिनधास्त घ्या.

तरी मला विचाराल तर 1.0 मॅन्युअलच (ती जीटी नावानं नाही, साध्या पोलो टीएसआयमधी येते), 6 गिअर, समृद्धीला पण मजा अन् घाटात तर विचारूच नका. फक्त क्लच तपासा: मोकळ्या रोडवर चौथ्या गिअरमधी पन्नासच्या स्पीडला एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर पळाला आणि गाडीचा स्पीड तेवढाच राहिला तर क्लच संपलाय, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

डीएसजीच आवडली असंल तर अर्धा तास गर्दीत फिरवून गरम करा मगच डी (पुढं) अन् आर (रिव्हर्स) आलटून पालटून टाकून बघा, झटका दिला की सोडून द्या.